डाव्या चाकाचा स्क्रू

“हे काम माझं नाही,” फौजदार म्हणाला आणि गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूला फतकल मारून बसला.

चाक काढून भिंतीला टेकवलेलं होतं आणि समोर ब्रेकची डिस्क उघडी पडली होती. ही डिस्क जागेवर धरून ठेवायला एक लहानसा स्क्रू असतो. त्या स्क्रूच्या डोक्यावरची फुलीसारखी खाच पार खाल्ली गेली होती. आता हत्यार टेकवलं तरी ते धरणार कशाला, असा प्रश्न होता.

“तुमचंच तर आहे, मिस्त्री,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मागच्या खेपेला डिस्क तुम्हीच बदललीत. मी इथंच या स्टुलावर बसले होते.”

“डिस्क मी बदलली. स्क्रूची ही दशा मी केलेली नाही.”

बाई जनावरांच्या डॉक्टर. गोठे आणि तबेले पालथे घालत त्यांची गाडी दिवसभर खड्ड्यांतून आदळत असे. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, अशी तक्रार घेऊन त्या सकाळीच आल्या होत्या. पण तक्रार सांगण्याआधी त्यांनी गॅरेजात नजर फिरवून विचारलं होतं, “धाकटे नाहीत का?” तेव्हापासून फौजदाराचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

“धाकट्याकडे काही खास काम होतं का?” स्क्रूवरची नजर न काढता त्याने आता विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला होता.

“खास काही नाही. मागे ते म्हणाले होते, थोडी चालवून झाली की एकदा चाकं दाखवून जा. माझं राहूनच गेलं.”

“चाकं मी बसवली होती.”

“हो ना. तुम्ही वर जेवायला गेला होतात, तेव्हा म्हणाले ते.” बाईंनी घड्याळ बघितलं. “मागच्या गल्लीत एका कुत्र्याचे टाके काढायचेत, ते उरकून येते. तुमचं चालू द्या.”

त्या गेल्या. फौजदार तिथेच बसून राहिला. मी बसवलेली चाकं, माझ्या गिऱ्हाइकाने, माझ्या पाठीमागे, माझ्या धाकट्या भावाला दाखवायची. हे वाक्य त्याने मनातल्या मनात दोन-तीनदा उलटंपालटं करून पाहिलं. कुठल्याही बाजूने धरलं तरी त्याला वास येत होता.

फौजदार हे काही त्याचं खरं नाव नव्हे. संशय घेण्याच्या सवयीपायी बाजाराने त्याला ते बहाल केलं होतं. तेलाचा सीलबंद डबा आला तरी तो आधी हातात तोलून बघायचा. नवं बेअरिंग कानाशी धरून फिरवल्याशिवाय पैशासाठी खिशात हात घालायचा नाही. बायको म्हणाली की शेजारीण सहज येऊन गेली, तर ‘सहज’ म्हणजे कशाला, हे कळेपर्यंत त्याला घास गिळवत नसे. हत्यारांच्या पेटीला कुलूप होतं आणि त्यातलं सगळ्यात चांगलं हत्यार, जाड मुठीचा एक जुना स्क्रू ड्रायव्हर, तो सदऱ्याच्या खिशातच बाळगायचा. भावालासुद्धा तो हवा असेल तर मागावा लागे, आणि मागितला की कशाला, ते सांगावं लागे.

अशा माणसाला गेल्या काही महिन्यांत संशयाची मेजवानीच मिळाली होती. संध्याकाळी गॅरेज बंद करायची वेळ झाली की धाकटा म्हणायचा, “दादा, तुम्ही व्हा पुढे, मी आवरून येतो.” पूर्वी हाच प्राणी आवराआवर म्हटली की पळ काढायचा. फौजदाराने तयार केलेली गाडी गिऱ्हाइकाला देण्याआधी आताशा धाकटा ती “जरा फिरवून आणतो” म्हणून घेऊन जाई. एकदा तर फौजदार चष्मा विसरला म्हणून परत खाली आला, तेव्हा त्याने स्वतः नुकत्याच बसवलेल्या चाकापाशी धाकटा उकिडवा बसलेला दिसला. काय करतोस म्हटल्यावर गडबडून उठला आणि म्हणाला, “नट पडला होता, तो शोधत होतो.” नट काही त्याच्या हातात नव्हता.

या सगळ्याचा अर्थ फौजदाराने केव्हाच लावला होता. धाकट्याला वेगळं व्हायचं होतं. निघताना गिऱ्हाइकं बरोबर न्यायची, तर थोरल्याचं काम कच्चं आहे असं आधी त्यांच्या मनात भरवायला हवं. त्यासाठी बसवलेलं सैल करायचं, चांगलं बिघडवायचं. अर्थ लावला होता, पण पुरावा नव्हता. आज तो डोळ्यांसमोर आला होता, फक्त ओढून बाहेर काढायचा होता.

त्याने हातबॅटरी पेटवून जवळ घेतली आणि कशालाही हात न लावता खाचा नीट न्याहाळल्या. स्क्रू कसताना हत्यार घसरलं तर खाचेची एक बाजू खाल्ली जाते आणि सोडवताना घसरलं तर दुसरी. इथे चारही खाचांची कसतानाचीच बाजू गेली होती. कोणीतरी हा स्क्रू जीव खाऊन कसला होता. आणि तो जीव खाऊन कसण्यात शहाणपण काहीच नव्हतं, कारण डिस्कवर खरा दाब येतो तो चाकाच्या नटांचा. हा स्क्रू बिचारा नुसता राखणीला असतो.

फौजदाराने खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला. खाचेवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवला, त्यावर हत्यार टेकवून अंगाचा भार टाकला आणि फिरवलं. स्क्रू ढिम्म. हत्यार मात्र त्याच्या मुठीतच गर्रकन फिरलं. त्याने हत्याराची मूठ फडक्याने पुसली, पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मुठीला कोणीतरी तेलाचा हात लावलेला दिसतो, असं त्याच्या मनात आलं. त्याने मूठ नाकाशी नेऊन हुंगली. तेलाचा वास आला, पण गॅरेजात तो कशाला येत नाही?

मग त्याने तो नाद सोडला. गंज सोडवणारं तेल स्क्रूच्या कडेने सोडलं आणि ते मुरेपर्यंत हातोडीने डोक्यावर हलके ठोके देत राहिला. त्यानंतर बारीक छिन्नी घेतली, स्क्रूच्या कडेला तिरकी धरली आणि कडेत एक लहान खाच पाडली. मग त्याच खाचेत छिन्नी टेकवून, सोडवण्याच्या दिशेने, हातोडीचा एकच नेमका घाव घातला. काही झालं नाही. दुसरा घातला. तिसऱ्या घावाला टक् असा कोरडा आवाज आला आणि स्क्रू हलला. हा आवाज फौजदाराने आयुष्यभर ऐकला होता, तरी दर वेळी त्याला सुपारी फुटल्यासारखा आनंद व्हायचा. आजही झाला, पण टिकला नाही.

स्क्रू बोटांनी फिरवून त्याने बाहेर काढला आणि उजेडात धरला. आट्यांना ग्रीसचा पातळ थर होता. ग्रीस त्याचंच. आटे गंजू नयेत म्हणून बसवतानाच ते लावायची पद्धत त्याची एकट्याची होती. धाकट्याला तो नसता सोपस्कार वाटे. म्हणजे स्क्रू बसवला फौजदाराने आणि त्याच्यामागून कोणीतरी वेगळ्याच, न बसणाऱ्या हत्याराने तो पिळून कसला. गॅरेजात माणसं दोनच. शोध संपला होता.

धाकटा नवी डिस्क आणायला बाजारात गेला होता. तो यायच्या आत जेवून घ्यावं म्हणून फौजदार जिना चढून वर गेला. स्क्रू फडक्यात बांधून सोबत घेतला होता. पुरावा मागे ठेवून जाण्याइतका तो भोळा नव्हता.

“हात धुवा आधी,” बायको म्हणाली.

हात धुऊन तो ताटावर बसला. शेजारी ठेवलेल्या बरणीचं झाकण नुसतंच वर टेकवलेलं होतं. “झाकणं घट्ट लावत जा. किती वेळा सांगायचं? आताशा एक झाकण धड लावलेलं नसतं या घरात.”

“लावीन,” ती म्हणाली.

त्याने फडकं सोडून स्क्रू ताटाशेजारी ठेवला आणि सगळी हकीकत सांगितली. ती वाढता वाढता थांबली.

“मग कसला तर कसला. सैल तर नाही ना केला?”

“मुद्दा तो नाही.”

“मग कुठला?”

“माझ्या कामाला माझ्या पाठीमागे हात का लावला, हा.”

तिने पुन्हा वाढायला घेतलं. “विचारा त्याला. पण विचारताना जरा माणसासारखं विचारा. तो काय चोर आहे?”

“तुला काहीतरी माहीत आहे,” तिच्याकडे रोखून बघत फौजदार म्हणाला.

“मला एवढंच माहीत आहे, की या घरात मी आले तेव्हा तो तुमच्या खांद्यावर बसून फिरायचा. जेवा आता, गार होतंय.”

हे काही उत्तर नव्हे. बायकोसुद्धा धाकट्याच्या बाजूची झाली, असं मनात म्हणत त्याने जेवण कसंबसं उरकलं. चव कशाचीच लागली नाही. धाकट्याला त्याने खरोखरच पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. वडील गेले तेव्हा हत्यार म्हणजे काय, हेही त्या पोराला ठाऊक नव्हतं. पाना कसा धरायचा इथपासून सगळं त्याला फौजदाराने शिकवलं, आणि दुखत होतं ते नेमकं तिथेच. बाहेरच्या कोणी दगा दिला असता तर तो दोन शिव्या हासडून मोकळा झाला असता.

तो खाली उतरला तेव्हा धाकटा नवी डिस्क खोक्यातून काढत होता. केस पांढरे व्हायला लागले होते, तरी बाजारात अजून त्याला धाकटाच म्हणत.

“निघाला का जुना स्क्रू?” त्याने विचारलं.

“निघाला.” फौजदाराने फडकं उलगडून त्याच्यासमोर धरलं. “हा कोणी कसला?”

धाकट्याने स्क्रूकडे पाहिलं. “मी.”

फौजदाराने सकाळपासून मनात उलटतपासणीची तयारी केली होती. ती सगळी एका अक्षरात वाया गेली.

“कशाला?”

“असंच. सवय. चुकलं दादा, जास्त पिळला गेला. पुन्हा नाही होणार.”

इतक्या पटकन चूक कबूल करणारा माणूस मोठी चूक लपवत असतो, असं फौजदाराचं ठाम मत होतं. “सवय? माझं झालेलं काम पुन्हा उचकायची सवय?”

धाकटा डिस्क पुसू लागला. ती नवी कोरी होती, पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

“तुला वेगळं व्हायचंय का?”

“काय?”

“सरळ सांग. वेगळं व्हायचं असेल तर हो. मी आडवा येणार नाही. पण माझ्या कामाला बट्टा लावून जाऊ नकोस. एवढं एकच कमावलंय मी.”

“दादा, कुठून कुठे जाताय तुम्ही?” धाकट्याने डिस्क खाली ठेवली. “मला कुठंही जायचं नाही.”

“मग माझं काम तपासतोस कशाला? कच्चं असतं?”

धाकटा वळला, डिस्क उचलून त्याने ती जागेवर बसवली आणि नवा स्क्रू फौजदारापुढे धरला. “घ्या. बाई येतील आता.”

फौजदाराने आट्यांना ग्रीस लावलं. स्क्रू बोटांनी बसवला, खिशातला स्क्रू ड्रायव्हर खाचेत टेकवला आणि कसला. नेहमीइतका कसला. मग हट्टाने आणखी कसला, दात आवळून, खांद्यापर्यंत कळ जाईस्तोवर. मग टायरवर खुणा करायचा खडू घेऊन त्याने स्क्रूच्या डोक्यावरून डिस्कपर्यंत एक सरळ रेघ ओढली.

“आता तू फिरव. ही रेघ केसभर जरी मोडली, तरी मानेन मी की माझं काम कच्चं.”

“राहू दे ना, दादा.”

“फिरव म्हणतो ना.”

धाकटा खाली बसला. त्याने हत्यार खाचेत धरलं, मनगट जरासं हलवलं आणि म्हणाला, “नाही फिरत. पक्का आहे.”

दुसरा कोणी असता तर छाती फुगवून उठला असता. पण फौजदार माणसाच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघणारा होता. धाकट्याच्या हाताची एक शीरही ताणली गेली नव्हती.

“नाटक करतोस माझ्यापुढे? जोर लाव.”

धाकट्याने एकदा वर पाहिलं. मग त्याने जोर लावला.

जोर तरी काय, साधं फिरवलं. स्क्रू लोण्यातून गेल्यासारखा फिरला आणि चांगला अर्धा फेरा फिरून मग थांबला. रेघेचा डिस्कवरचा तुकडा जागच्या जागी राहिला. डोक्यावरचा तुकडा अर्धं वर्तुळ कापून पलीकडे गेला होता.

फौजदार त्या मोडलेल्या रेघेकडे बघत राहिला. मग त्याने आपला उजवा पंजा उघडून समोर धरला. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसाचा उंचवटा असतो, तो बसला होता. हे त्याने याआधी पाहिलं नव्हतं असं नाही. बोटांना मुंग्या येतात, हेही ठाऊक होतं. पण हत्यारांच्या मुठी हल्ली गुळगुळीत येतात, माल पूर्वीसारखा राहिला नाही, कोणीतरी तेलाचे हात लावतं, असं तो स्वतःला सांगत आला होता. जगातल्या सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता, फक्त या एका हातावर घ्यायचा राहिला होता. वरचं ते टेकवलेलं झाकण त्याला आठवलं आणि बायको हल्ली झाकणं घट्ट का लावत नाही तेही लक्षात आलं.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“शाळेची व्हॅन आठवते? तुम्ही तिची मागची चाकं बसवली होती. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर आला, मागून खडखड येते म्हणून. तुम्ही नव्हतात. मी पाहिलं तर सगळे नट सैल.”

“मुलं होती गाडीत?”

“उतरली होती. शाळेत सोडूनच आला होता तो. मी नट कसले आणि मग त्याला म्हटलं, चाकाच्या टोपीत खडा अडकला होता.”

आपल्याला लाज वाटेल असं फौजदाराला वाटलं होतं, पण आधी आली ती भीती. शाळेच्या रस्त्यावरचा उतार, त्याखालचं वळण, खिडकीतून बाहेर काढलेले लहान हात, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. तो मागे सरकून भिंतीला टेकला.

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? मीच सैल केले म्हणाला असतात.”

फौजदार तेच म्हणाला असता, आणि मरेपर्यंत तेच म्हणत राहिला असता.

“म्हणून मग मागून कसत गेलो,” धाकटा म्हणाला. “वहिनीलाच फक्त ठाऊक होतं. हा स्क्रू मात्र माझ्याकडून गेला. बरोबरचा स्क्रू ड्रायव्हर तुमच्या खिशात. तो मागितला असता तर कशाला म्हणून विचारलं असतंत. तुम्ही जेवून खाली याल या घाईत मी लहान तोंडाच्या हत्याराने पिळला.”

“याला कसायचं काही कारण नव्हतं. नुसता राखणीला असतो हा.”

“माहीत आहे. पण एकदा हात लावला की कुठं थांबायचं, ते कळत नाही.”

“आता मी काय करू?” फौजदार म्हणाला. हा प्रश्न त्याने भावाला कधी विचारला नव्हता. “वर जाऊन बसू?”

“वर कशाला? हा स्क्रू तुम्ही छिन्नीने काढलात. मी असतो तर ड्रिल लावून डिस्कमागच्या हबची वाट लावली असती.” धाकटा उठला आणि त्याने चाक गडगडत जवळ आणलं. “डॉक्टरला दाखवू हात. जनावरांच्या नाही.”

फौजदाराला हसू आलं नाही, पण बरं वाटलं.

डॉक्टरीणबाई परत आल्या तेव्हा चाक जागेवर चढलं होतं आणि फौजदार नट कसत होता. फुलीच्या आकाराचा लांब पाना दोन्ही हातांनी धरून तो एकेक नट आवळत गेला, समोरासमोरचे, जसे आवळायचे असतात तसे. सगळे झाल्यावर त्याने पाना नटावरून काढला. बाई किल्लीसाठी हात पुढे करणार, तेवढ्यात तो म्हणाला, “थांबा. माझे झाले. आता हा बघेल.”

“म्हणजे?” बाईंनी विचारलं.

“माझ्या हाताला पहिल्यासारखा जोर राहिलेला नाही. म्हणून माझ्यामागून हा कसतो. आमच्याकडे आता अशीच पद्धत आहे.” हे तो धाकट्याकडे न बघता, पण रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. धाकट्याने मान खाली घातली.

“चांगली पद्धत आहे,” बाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

धाकट्याने पाना घेतला. पहिला नट फिरला. दुसराही फिरला. दर वेळी फौजदाराला आतून काहीतरी ओढल्यासारखं होत होतं, तरी तो तिथून हलला नाही आणि त्याने नजरही काढली नाही. तिसरा फिरला. शेवटच्या नटाला धाकट्याने पाना लावला, जोर दिला आणि म्हणाला, “हा पक्का आहे, दादा. हा तुमचाच पुरतोय.”

फौजदाराने लगेच त्याच्या हाताकडे पाहिलं, पण या खेपेला धाकट्याचं अंग मध्ये आलं होतं. “आण इकडे,” म्हणत त्याने पाना घेतला आणि स्वतः लावून पाहिला. नट हलला नाही. पण त्याच्या हाताने आता सैल नटही हलला नसता. पक्का आणि सैल यांतला फरक त्या हाताला सांगता येण्यासारखा उरला नव्हता. त्याने पाना नटावर तसाच धरून ठेवला. स्क्रूच्या बाबतीत तो खोटं बोलला होता. शाळेच्या व्हॅनच्या ड्रायव्हरशीही खोटं बोलला होता. पण ते चाकाचे नट आधी कसून, मगच.

फौजदाराने पाना काढून घेतला.

“उतरव जॅक,” तो म्हणाला.